तांबड्यांचा वास

या माळावर माणसाने नांगर धरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. काळ्या मुंग्यांच्या राणीला ओढ्यापलीकडच्या तांबड्या मुंग्यांची धास्ती वाटू लागली. तिने बारकी नावाच्या मुंगीला गुपचूप तिकडे पाठवले. बारकी महिनाभर तांबड्यांच्या वारुळात राहिली. त्यांच्या मातीत लोळून तिने त्यांचाच वास अंगाला लावून घेतला, म्हणून ती वाचली.

ती परतली तेव्हा दारावरच्या दांडगी नावाच्या रखवालदारणीने तिचा पाय धरला.

“अंगाला वास तांबड्यांचा, आणि तोंड वर करून आमच्या दारात?”

“सोड गं! उद्या उन्हं चढायच्या आत त्या येणार आहेत. अंडी झाडावर न्या. आईसाहेबांना विचार, त्यांनीच मला धाडलं होतं.”

राणी बाहेर आली. सगळे वारूळ भीतीने जबडे उघडून उभे होते. आपणच हिला धाडले असे म्हटले, तर तांबड्यांशी संधान बांधल्याचा आळ आपल्यावर येईल, हे राणीने ओळखले.

“मी हिला ओळखत नाही,” ती म्हणाली.

बारकीचे तुकडे झाले. त्याच संध्याकाळी राणीने सगळी अंडी बाभळीवर हलवली. दुसऱ्या दिवशी तांबड्या आल्या, तेव्हा त्यांना रिकामे वारूळ मिळाले.

झाडावर दांडगी राणीजवळ गेली. “आईसाहेब, ती खोटं बोलत होती ना? मग आपण अंडी का हलवली?”

राणीने ओढ्यापलीकडे पाहिले.

“आता तिकडे तू जा,” ती म्हणाली.