चटणीच्या भांड्याचं झाकण

माणसांची पाठ वळली की ओट्यावरची भांडी गप्पा मारत, त्या काळातली ही गोष्ट. मृदुलाताईंनी हौसेने कॉफीचा पितळी फिल्टर आणला, पण कॉफीला लसणाचा वास येई.

"हा फिल्टरच कुचकामी! उद्या परत करते," त्या वैतागल्या.

फिल्टर रडकुंडीला आला. मिक्सरचं चटणीचं भांडं मात्र खरं कारण लपवून होतं. लसणाच्या चटणीबरोबर कॉफीच्या बियाही त्यातच दळल्या जात आणि हा मान त्याला सोडवत नव्हता. पण फिल्टरचं तोंड त्याला बघवेना. सकाळी त्याने आपलं झाकण मुद्दाम सैल सोडलं.

ताईंनी वास घेऊन कपाळावर हात मारला. "अगं बाई, लसूण इथे आहे होय!"

कॉफीसाठी हाताने फिरवायची छोटी चक्की आली. आता दरवळ सुटला की भांडं विचारतं, "जमली का रे?"

"फक्कड!" फिल्टर म्हणतो.

मग भांडं खुशीत लसणाची वाट बघतं.