ओळखीचे डोळे

एका राज्यात लढाया मैदानावर होत नसत, पाटावर होत असत. फार पूर्वी कुणा शहाण्या राजाने तसा दंडक घालून दिला होता. दोन राजांचे बिनसले की मधोमध सागवानी रणपाट मांडायचा. त्यावर मातीच्या टेकड्या, काचेची नदी, वाळल्या शेवाळाची राने. आणि दोन्ही अंगांना शिशाचे बोटभर उंचीचे वीर. फासे पडत, वीर पुढे सरकत, आणि हरलेला राजा मुकाट्याने सीमेवरची कुरणे सोडून देई. रक्ताचा थेंब सांडत नसे. पण इतके सुखाचे चाललेले राजेलोकांच्या पचनी पडत नाही. तिथेही तसेच झाले.

नगराबाहेर ओताऱ्यांची आळी होती. तिथे हैबती ओतारी आणि त्याची बायको सगुणा राहत. हैबती शिसे वितळवून साच्यांत ओती आणि वीर घडवी. सगुणा चिताऱ्याची लेक. ती त्यांना रंग देई. आधी चुन्याचा पांढरा हात, मग अंगरख्याचा रंग, मग चुण्याचुण्यांत पातळ काजळी, मग चिलखताच्या कडांवर उजळ रेघ. डोळे अगदी शेवटी. एकदा काढलेल्या डोळ्यांना पुन्हा कुंचला लावायचा नाही, अशी रीत होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या तोंडावर ती श्वास रोखून दोन ठिपके देई, आणि शिसे बघू लागे. भट्टीजवळून हैबती ओरडे, "अगं, श्वास घे आता! नाहीतर उद्या मलाच तुला साच्यात ओतावं लागेल." ती हसे. त्या घरात हसणे पुष्कळ होते, हे आताच सांगून ठेवलेले बरे, कारण पुढे ते फारसे येणार नाही.

त्या राज्याचा राजा चंडकेतु. त्याला धीर नव्हता, म्हणून तो पाटावर सदा हरे, आणि हरला की खापर शिशावर फोडी. त्याच्या दरबारी भस्मांग नावाचा मांत्रिक आला. तो म्हणाला, "महाराज, शिसे निर्जीव आहे म्हणून हरते. मी त्यात जीव घालीन."

"घाला," राजा म्हणाला. कुणाचा जीव, ते त्याने विचारले नाही.

भस्मांग ओतार आळीत आला. राखाडी बुबुळांचा, पापणी न लवणारा माणूस. तो सगुणेला म्हणाला, "नवे सैन्य हवे. नमुना मिळणार नाही. हाताला येतील ते डोळे काढ." आणि प्रत्येक वीराचे डोळे होईपर्यंत तो समोर बसून तिच्या डोळ्यांत पाहत राही. मग वीर पेटीत घाली आणि निघून जाई.

आता चिताऱ्यांची एक खोड असते. समोर नमुना नसला, की हात आपणहून ओळखीचे डोळे काढतो. कळतही नाही. सगुणेने एक भालाईत रंगवला, आणि त्याच दुपारी भिका तेली नाहीसा झाला. घाण्याचा बैल एकटाच फिरत राहिला. तिने एक धनुर्धर रंगवला, आणि गुरव देवळाच्या पायरीवरून गेला. फुलांची परडी तेवढी राहिली. लोक म्हणाले वाघ असेल. कुणी म्हणाले, संसाराला कंटाळून गेले असतील. सगुणा तेलिणीपाशी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला दोन घास भरवले. मग घरी येऊन तिने पुढचा वीर हातात घेतला. आळीतले पुरुष असे वर्षभरात एकेक करून संपत गेले, आणि तिला आपल्या कुंचल्याचा संशय आला नाही.

शेवटचा वीर होता निशाणधारी. त्या दिवशी तिचे मन प्रसन्न होते. हात असा चालला, की डोळे झाल्यावर तिचे तिलाच कौतुक वाटले. उजवी पापणी जराशी मिटलेली, भट्टीची धग वर्षानुवर्षे सोसलेल्या माणसाची असते तशी. ती त्या पापणीकडे पाहत राहिली आणि ती कुणाची, ते तिला उमगले. ती भट्टीकडे धावली. पळी जमिनीवर पडली होती आणि सांडलेले शिसे थिजत होते. हैबती नव्हता.

मागे भस्मांग निशाणधारी पेटीत ठेवत होता.

"तुझा हात फार सच्चा आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तुला निवडले."

"माझा माणूस परत द्या."

"मी नेला नाही. तू या डोळ्यांत बंद केलास."

हे खरे होते, आणि म्हणूनच ते तिला सहन झाले नाही. हैबती साच्यांसाठी ज्या नदीकाठची वाळू आणी, तिथे जाऊन ती पडून राहिली. वाळूत एक टिटवी अंडी उबवत होती. ती टिटवी बोले.

"रडून ते डोळे पुसले जाणार नाहीत, सगुणे. त्यांना वेगळे पाणी लागते."

"कोणते?"

"तीन कामे कर. शापित धनावर बसलेल्या मुंगसाच्या शेपटीचा केस आण, त्याचा कुंचला कर. विसरतळ्याचे पाणी आण. आणि खेळ चालू असताना, रणपाटावरच, त्या कुंचल्याने डोळे पूस. पाटाबाहेर पुसलेस तर शिसे तडकेल."

"मग ते सुटतील?"

"जे पाटावर पडले ते मेले. उभे असतील ते सुटतील. जिथून गेले तिथेच परत उभे राहतील."

"आणि याची किंमत?"

टिटवीने अंड्यांवरचे अंग सावरले. "ज्याचे डोळे पुसशील त्याची ओळख तुझ्या मनातून जाईल. तुझ्या ओळखीनेच ती माणसे कोंडली आहेत. ती राहील तोवर त्यांची सुटका नाही. गेली की ती परत यायची नाही."

सगुणेने अंगावरची वाळू झटकली. मग उठली आणि डोंगराच्या वाटेला लागली.

डोंगराच्या पोटात शापित धन होते. हिऱ्यांचे ढीग, सोन्याच्या राशी, आणि जो हात लावी तो जागीच सोन्याची मोहर होऊन त्या राशीत पडे. मोहरांवर राजांचे मुखवटे नव्हते. घाबरलेल्या माणसांची तोंडे होती. वर म्हातारे मुंगूस बसले होते.

"काय नेणार?" त्याने विचारले.

"तुमच्या शेपटीचा एक केस."

"एवढे सोडून केस? तुला लोभ नाही?"

"आहे. पण तो इथल्या कशाचा नाही."

मुंगसाने तिच्याकडे निरखून पाहिले आणि शेपूट पुढे केली. तिने केस उपटला, तेव्हा त्याने हूं की चूं केले नाही.

विसरतळे माळावर होते. त्यात आकाश दिसत नसे, काठावरची झाडे दिसत नसत, वाकून पाहणाऱ्याचे तोंड दिसत नसे. सगुणेने मडक्यात पाणी भरले, तर मडके आपण मडके आहोत हे विसरले आणि माती होऊन तिच्या बोटांतून ओघळले. तिने दुधी भोपळ्याच्या तुंब्यात भरले, तर तुंब्याला कोंब फुटून तो वेल होऊन पळाला. तिच्यापाशी रंग कालवायचा शिंपला होता. ज्याच्यासाठी तो घडला तो जीव कधीच मरून गेला होता, शिंपल्यापाशी विसरण्याजोगे काही उरले नव्हते. त्यात पाणी राहिले. ती शिंपला तळहातावर धरून राजवाड्याची वाट चालली, आणि वाटभर हैबतीच्या एकेका गोष्टीची उजळणी करत राहिली. त्याचे जेवताना गुणगुणणे. गुळाचा खडा लपवून ठेवण्याची त्याची जागा. रुसला की साच्यांची उगाच झाडलोट करणे. तिला वाटत होते, एवढी घट्ट धरली तर एखादी तरी उरेल.

राजवाड्यात खेळ ऐन रंगात होता. पाटाशी चितारीण बसवायचा रिवाजच होता, कारण रंगाचा टवका उडालेला वीर बाद धरत. म्हणून सगुणेला कुणी अडवले नाही. तिने पाटावर नजर टाकली. जिवंत शिसे आपल्या पायांनी चालत होते. चंडकेतु बोट दाखवी तिकडे जात होते. शेजारच्या राजाचा दूत समोर बसून साध्या शिशाच्या हत्तींनी त्यांना उलथवत होता, आणि आपण काय करतो आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. गुरवाचा धनुर्धर काचेच्या नदीकाठी आडवा पडला होता. त्याच्यासाठी आता काही करता येण्यासारखे नव्हते.

हैबतीचे निशाण सगळ्यांत पुढे होते. हत्ती त्याच्या समोर येऊन ठाकला होता.

तिचा हात प्रथम तिकडेच गेला. मग तिने तो आवरला. हैबतीला आधी पुसले तर आपण इथे कुणासाठी आलो हेच कळेनासे होईल, आणि बाकीच्यांना पुसायला हातात बळ राहणार नाही. ते सगळेही तिच्याच हाताने आत गेले होते. तिने भालाइताच्या डोळ्यांवरून ओला केस फिरवला. दोन ठिपके विरघळले. दूर आळीत भिका तेली आपल्या घाण्यापाशी उभा राहिला. सगुणेला मात्र एवढेच उरले, की तेलीण नावाची एक बाई आहे आणि तिच्या शेजारी कुणाची तरी जागा रिकामी आहे.

फासे पडले. हत्ती एक घर पुढे आला.

एकेका वीरावरून कुंचला फिरत गेला; ती टवके भरते आहे असेच सगळ्यांना वाटले, भस्मांगालाही. तिला उचलून जत्रेला नेणारा चुलता गेला. तिच्या लग्नात वाजवणारा सनईवाला गेला. दरवेळी मनात एक दिवा विझे आणि ती पुढच्याकडे वळे. अखेर निशाणधारी तेवढा उरला. हत्ती त्याला टेकला होता आणि दूताने फासे हातात घेतले होते.

सगुणेने त्या मिटत्या पापणीकडे पाहिले. पोटभर पाहायला वेळ नव्हता. "अहो, चुकले माझे," ती एवढेच म्हणाली, आणि तिने ते डोळे पुसले.

मग ती तशीच बसून राहिली. गालांवरून पाणी वाहत होते आणि ते कशाचे, हे तिला सांगता आले नसते.

चंडकेतु बोट दाखवू लागला, पण एकही वीर हलेना. शिसे नुसते शिसे झाले होते. भस्मांग आसनावरून उठला. कोरे चेहरे पाहून त्याचा तोल गेला. त्याने निशाणधारी उचलून तिच्यापुढे, हत्तीसमोरच पाटावर आपटला आणि तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन ओरडला, "डोळे काढ! आत्ता, माझ्यासमोर! हाताला येतील ते काढ!"

"जशी आज्ञा," सगुणा म्हणाली.

तिने काजळी घेतली, श्वास रोखला आणि हाताला मोकळे सोडले. पण जिवंत पुरुषाचे डोळे म्हणून त्या हाताला आता एकच जोडी ओळखीची राहिली होती. वर्षभर समोर बसून, पापणी न लवता, तिच्या डोळ्यांत पाहत राहिलेली. राखाडी. दुसरा ठिपका टेकला आणि भस्मांगाची वस्त्रे रिकामी होऊन खाली पडली. पाटावर निशाणधारी तोंड वासून उभा होता. दूताचे फासे हातून सुटले, हत्तीचा डाव लागला, आणि भस्मांग आडवा झाला.

चंडकेतु भिंतीला टेकला. त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकले होते. "माझे डोळे काढू नकोस," तो म्हणाला.

"मला ते काढता येणार नाहीत, महाराज. तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलेच नाहीत."

राजाने हात खाली घेतले. पाटावर किती माणसे पडली हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा विचारले, आणि उत्तर ऐकून तो पाटावरून उठला. पुढे तो पुन्हा साध्या शिशाने खेळला, पुन्हा हरला, आणि कुरणे सोडताना त्याने कुणावर खापर फोडले नाही. गुरवाच्या घरी तो स्वतः अनवाणी गेला. तरी गुरव परत आला नाही.

सगुणा आळीत पोचली तेव्हा घरोघरी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली होती. पुरुष तिला नावाने हाक मारत होते आणि ती परक्या गावात आल्यासारखी मान लववत पुढे जात होती. तिच्या अंगणात एक अनोळखी माणूस थिजलेले शिसे जमिनीवरून खरवडत होता. तिला पाहून तो उठला, दोन पावले धावत आला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"सगुणे, मी हैबती."

"टिटवीने सांगितले होते, असे होईल म्हणून," ती म्हणाली. "आपण माझ्या अंगणात आहात, म्हणजे माझे कोण ते मला कळते. पण मला ते आठवत नाही."

तो उंबऱ्यावर बसला. मोठा माणूस, पण लेकरासारखा रडला. सगुणेला त्याची फार दया आली. दयेपलीकडे काही येते का, म्हणून ती वाट पाहत उभी राहिली, आणि काही आले नाही. तेव्हा तिने आपला चौरंग उचलून अंगणात उन्हात मांडला.

"इथे या. तोंड उजेडाकडे करा."

"कशाला?"

"तुमचे डोळे मला पहिल्यापासून शिकायला लागतील. हलू नका."

तो तिच्यासमोर बसला. पाहता पाहता ऊन सरत गेले. त्याची एक पापणी जराशी मिटते, हे तिला दिसले, आणि असे का, ते तिने विचारले. त्याने भट्टीपासून सगळे सांगायला सुरुवात केली.

त्यांचे सांगणे जसे त्यांना जन्मभर पुरले, तसे तुम्हांआम्हांलाही पुरो.