मालनबाईंचा थांबलेला हात

एकदा एका विमा कंपनीवर आपले जुने सॉफ्टवेअर बदलण्याची वेळ आली. घरे, दुकाने, गोदामे यांचा आगीपासून आणि पुरापासून विमा उतरवणारी ही कंपनी. तिची बावीस वर्षांची प्रणाली आता पार थकली होती. पॉलिसी छापायला द्यावी आणि चहा पिऊन यावे, तरी कागद बाहेर आलेला नसे. नवी प्रणाली निवडून ती पाडव्याला सुरू करण्याचे काम एका तरुण अधिकाऱ्याकडे आले. तो हुशार होता, आणि हुशार माणसांना असते तशी त्याला घाईही होती. पाडव्याचा शब्द त्याने संचालकांना भर सभेत देऊन टाकला होता.

निवडीच्या दिवशी त्याने आपल्या गुरूंना बोलावले. ते याच कंपनीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आण्णा म्हणत. विम्याचे धडे शिष्याने त्यांच्याच हाताखाली गिरवले होते.

तीन विक्रेते नदीकाठच्या शाखेत आले. भिंतीवर मोठा पडदा लागला. शाखेत पॉलिसी नोंदवणाऱ्या मालनबाई तिन्ही प्रणालींत एकच जुनी पॉलिसी भरून पाहणार होत्या, इंदुमती चौगुले यांच्या तेलघाण्याची. आण्णा आले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि त्यांनी आपली खुर्ची चक्क उलटी फिरवली. पडद्याकडे पाठ, मालनबाईंकडे तोंड.

शिष्य ओशाळला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. तीन तास पडद्यावर रंगीत आलेख आणि नकाशे झळकत होते, पण आण्णांनी एकदाही मान वळवली नाही.

पाहुणे गेल्यावर शिष्य काहीसा चिडूनच म्हणाला, "आण्णा, तुम्ही तर काही पाहिलंच नाहीत. आता मी निवडू कोणती?"

"सांगतो. आधी मालनबाईंना एक गोष्ट विचार. पत्ता भरून झाला की तिन्ही वेळा त्यांचा हात का थांबला?"

मालनबाई संकोचल्या. "काही नाही ओ सर. 'जवळची खूण' लिहायचा रकाना कुठं सापडंना."

शिष्य हसला. "त्याची आता गरजच नाही, मालनबाई. नकाशावर जागा आपोआप दिसते. तो रकाना मी वगळायच्या यादीत टाकलाय."

"मग चौगुलेवहिनींचं गोदाम कुठं जायचं?"

"कसलं गोदाम?"

"पुलापलीकडचं. घाणा पेठेत हाय, शेंगा सगळ्या गोदामात. जुन्या पडद्यावर एकाच जागेचा पत्ता बसतोय, म्हणून दुसरी जागा आम्ही खुणेच्या रकान्यात लिहितो. पॉलिसीवर तेच छापून येतंय. मागच्या पुरात त्याच एका ओळीवर वहिनींना भरपाई मिळाली."

"अशा किती पॉलिसी असतील?"

"आमच्याच शाखेत सहाशेच्या वर."

शिष्याने वगळायची यादी पुढे ओढली. तो रकाना त्याने स्वतःच्या हाताने खोडला होता. उद्या नदी चढली असती, गोदाम बुडाले असते, आणि कंपनीने निर्धास्तपणे सांगितले असते की या गोदामाचा विमाच नाही. कुणी खोटे बोलले नसते, तरी ती बाई उघड्यावर आली असती.

"आण्णा, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"गोदामाचं ठाऊक नव्हतं. पण थांबलेला हात ओळखीचा होता," आण्णा सावकाश म्हणाले. "जुनी प्रणाली मीच आणली होती. तेव्हाही एका कारकुनाचा हात असाच थांबला. दुसरी जागा कुठं लिहू, म्हणून त्यानं विचारलं. मला उद्घाटनाची घाई. म्हटलं, टाक त्या खुणेच्या रकान्यात, महिनाभरात बघू. तो महिना बावीस वर्षं चालला. आजही मला त्याची लाज वाटते. अरे, विकणाऱ्याला जे दाखवायचं असतं तेच पडद्यावर दिसतं. काम खरोखर कसं चालतं, ते रोज करणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. म्हणून मी मालनबाईंच्या हाताकडे पाहत बसलो. स्वतःवर चिडू नकोस. अजून कुणाचं काही बुडालेलं नाही."

मग त्यांनी विचारले, "तो दुसरा विक्रेता मधेच उठला होता, आठवतं?"

शिष्याला आठवले. 'बाई, काय शोधताय?' असे विचारत तो मालनबाईंकडे निघाला होता. वेळ कमी आहे म्हणत, घड्याळ दाखवून, शिष्यानेच त्याला खाली बसवले होते.

दोन जागा लिहिण्याची सोय खरे तर तिन्ही प्रणालींत होती. विचारायचे मात्र कंपनीतल्या कुणाला सुचले नव्हते. शिष्याने त्या उठलेल्या माणसाची प्रणाली निवडली. मग संचालकांकडे जाऊन पाडव्याचा शब्द मागे घेतला आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली. पुढचे सहा महिने तो शाखा-शाखा हिंडला, आणि प्रत्येक ठिकाणी पडद्याकडे पाठ करून बसला.

दसऱ्याला नवी प्रणाली सुरू झाली. पहिली पॉलिसी चौगुलेवहिनींची. मालनबाईंचा हात घाण्याच्या पत्त्यावरून गोदामाच्या पत्त्यावर गेला आणि कुठेही न थांबता पुढे सरकला.

"झालं, सर."

"काही राहिलं का, मालनबाई?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "राहिलंय की. पण सांगायला वेळ लागंल."

शिष्याने मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.