सवयीचं काम

रानात अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याचा बांध पाझरू लागला. तो फुटला असता तर उन्हाळ्यात सगळं रान तहानेनं मेलं असतं. साळिंदर मुकादम झाला. मदतीला येईल त्याला तो सवयीचंच काम देई, आणि आपल्या या हुशारीचा त्याला अभिमानही होता. कासवाला त्यानं बांधाच्या टोकाला पाझरावर नजर ठेवायला बसवलं. सशीण लेकुरवाळी, म्हणून सगळ्यांची पिल्लं तिच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी दोघंही आली नाहीत. साळिंदर काटे फुलवून कासवाकडे गेला.

"कामात अंग चोरतोस होय रे?"

"दादा, एकटं बसणं मला घरीही मिळतं," कासव म्हणालं. "मी चार जणांत मिसळायला आलो होतो."

सशीण तर तोंड फिरवूनच बसली होती. "घटकाभर पोरांपासून सुटका व्हावी म्हणून आले, तर तुम्ही रानभरची पोरं माझ्या गळ्यात बांधलीत."

साळिंदराचे काटे हळूहळू खाली बसले.

मग बांधाच्या टोकाला सशीण कान टवकारून निवांत बसू लागली. इकडे कासवाच्या पाठीवर पिल्लं चढत-उतरत होती आणि कासवाचं बोलणं काही संपत नव्हतं. साळिंदर नेहमीसारखा सगळ्यांपासून लांब उभा होता.

"दादा," कासवानं हाक मारली, "तुम्हाला काय हवं, ते कुणी विचारलं का?"

मग काटे अंगाशी घट्ट मिटून, जपून पावलं टाकत, साळिंदर पिल्लांच्या घोळक्यात येऊन बसला.