'जान' म्हणजे काय

"मग आणखी काय राहिलं, उस्ताद?" नुसरतनं विचारलं.

मीरजलाल उस्तादांनी चहाचा पेला खाली ठेवला. "एक राहिलंय," ते म्हणाले.

झालं. नुसरत पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. उस्तादांकडचं शिकणं संपवून, अझरबैजानच्या डोंगरातली ही लहानशी शाळा सोडून त्याला बाकूला मोठ्या मदरशात शिकवायला जायचं होतं. घोडागाडी दारात येऊन उभी. आणि उस्तादांनी अट काय घालावी? तर आपल्या बोलीतल्या 'जान' या शब्दाचा पुरता अर्थ सांग, मगच परवानगी. एवढासा शब्द! शेंबडं पोरही सांगेल.

त्यानं सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. जान म्हणजे जीव. जान म्हणजे अंगसुद्धा, ताप आला की माणसं जान दुखते म्हणतात. नावापुढं लावली की माया. कुणाचा घडा फुटला, तर तुझी जान सलामत राहो म्हणायचं आणि समजूत घालायची. शपथही तिचीच घ्यायची. फारसी कवींचे दाखले दिले ते वेगळेच.

तरी म्हातारा हलेना.

"तुम्ही मला मुद्दाम अडवताय," नुसरत शेवटी बोलून गेला. त्याला खरंच राग आला होता.

उस्तादांनी पेला पुन्हा उचलला.

तेवढ्यात फाटकाशी हाक आली. "नुसरत..."

त्याची आई होती. लेक निघाला हे ऐकून डोंगरापलीकडच्या गावातून पायी आली होती, फडक्यात रोटी बांधून. तो कित्येक महिन्यांत घरी फिरकलाच नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हातानंच थांब म्हणून खुणावलं आणि डोकं खाजवत पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

"नुसरत..."

"जान," उस्ताद म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

नुसरत थबकला. मग त्याचा चेहरा खुलला. हेच की! त्या मुलखात हाकेला ओ द्यायची ती 'जान' म्हणूनच. रोजचं, तोंडात बसलेलं, म्हणून तर ध्यानात आलं नाही. त्यानं घाईघाईनं तेही सांगून टाकलं, वर व्युत्पत्तीही जोडली, आणि वाकून उस्तादांचा हात धरला.

"आता नाही ना काही राहिलं? निघू मी?"

आई फाटकाशी तशीच उभी होती.

उस्तादांनी हळूच हात सोडवून घेतला.

"हाक मला नव्हती, नुसरत."