फुंकणीला ठाऊक होते

भांडीकुंडी माणसांशी बोलत असत, त्या काळी डोंगरातल्या एका घरात भिवराक्काची चूल सारखी धुमसत असे. फुंकणी लावल्याशिवाय जाळ धरतच नसे. फुंकणीला याचा मोठा तोरा होता.

चुलीत राख साचली आहे, म्हणून लाकडांखालून वारा शिरत नाही, हे तिला ठाऊक होते. पण ती बोलली नाही. चूल आपोआप पेटू लागली, तर आपल्याला कोण विचारणार?

एका सकाळी भिवराक्काने फुंकणी ओठांना लावली आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिचा श्वास किती बारीक झाला आहे, हे फुंकणीइतके कुणाला कळणार? फुंकणी हादरली.

"अक्का, आधी राख उपसा," ती म्हणाली. "लाकडं दोन खापरांवर टेकवा, खालून वारा जाऊ द्या. मग माझी गरज नाही."

अक्काने तसे केले. जाळ स्वच्छ उठला आणि फुंकणी कोनाड्यात गेली.

"काय फुंकणीबाई," चिमटा हसला, "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात!"

फुंकणीचे कान चुलीकडे लागले होते. भाकरी थापता थापता भिवराक्का ओवी गात होती. कित्येक वर्षांनी तिच्यापाशी ओवीपुरता श्वास उरला होता.