अंगचा रंग

"पण आपा, न्यूड म्हणजे न्यूड, अंगाच्या रंगाचा मेकअप. त्यात ताईंचा वेगळा आणि माझा वेगळा, असं काय असणार?"

ऊर्जितानं विचारलं खरं, पण त्यात शंका कमी आणि ठसका जास्त होता. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून ती मिरजेला परतली होती. कोणती शेड कशी लावायची, हे आता आपल्याला पाठ आहे, असं तिला वाटायचं.

जैतूनआपा खाली मान घालून ब्रश पुसत राहिल्या.

अर्धं आयुष्य त्यांनी नाटक कंपन्यांबरोबर फिरून नटनट्यांचे चेहरे रंगवले होते. आता त्या घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्या सजवत आणि चार मुलींना शिकवत. आजची नवरी त्यांनी ऊर्जिताच्या हाती सोपवली होती.

नवरी म्हणजे शालन. दवाखान्यात नर्स. वय चौतीस. दुपारी रजिस्टर लग्न. रंगानं सावळी, बोलायला मोकळी. पण आत्ता ती आरशात बघून कपाळाला आठ्या घालत होती.

"ताई, आवडलं नाही का?" ऊर्जितानं विचारलं.

"अगं, साखरपुड्यालाही असंच झालं होतं. सगळे फोटो बघ, गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसते मी." शालन कसनुसं हसली. "राहू दे. मी तोंड धुते आणि अशीच जाते."

ऊर्जिताचे कान तापले.

"ही शेड सगळ्यांत जास्त चालते, ताई. मी स्वतः हीच लावते."

आपांनी तेवढ्यात मान वर केली. त्यांनी ऊर्जिताकडे पाहिलं, मग शालनकडे.

"तेच म्हणते मी. तिच्या तोंडावर तू बसलीयस. ऊठ तिथनं."

शालन खुदकन हसली. ऊर्जिताला मात्र हसू आलं नाही.

"पूस सगळं," आपा म्हणाल्या.

"आपा, तासभर मेहनत केलीय मी..."

"पूस."

ऊर्जितानं पुसलं. ओठ घट्ट मिटून.

"आता ट्यूबलाइट बंद कर. हिला अंगणात घेऊन ये."

अंगणात सकाळचं स्वच्छ ऊन होतं. आपांनी शालनला पायरीवर बसवलं, तिचा हात उलटा केला आणि मनगट ऊर्जितापुढे धरलं.

"काय दिसतं?"

"शिरा."

"कसल्या?"

ऊर्जिता वाकली. "हिरवट..." आणि ती थांबली. "म्हणजे अंडरटोन वॉर्म, कातडीखालची झाक पिवळसर. हे मला माहीत आहे, आपा. कोर्समध्ये शिकवलंय."

"मग बघितलं का नाहीस?"



ऊर्जितानं आता पहिल्यांदाच शालनकडे नीट पाहिलं. गळ्यापाशी, कानामागे, हनुवटीखाली. सावळ्या कातडीखाली मंद सोनेरी झाक होती, तापवलेल्या लोण्याला तूप होताना येते तशी. आणि आपण त्यावर गुलाबीसर फिकट रंग थापला होता... चेहरा राखेसारखा दिसणारच.

"शालन, खालचा ओठ जरा बाहेर दुमड," आपा म्हणाल्या.

"अशी?" शालननं रुसलेल्या पोरीसारखा ओठ काढला आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. आपाही हसल्या.

पण ऊर्जिताचं लक्ष त्या ओठाच्या आतल्या रंगावर खिळलं होतं. विटकरी, त्यात किंचित कोकमाची छटा. चाळीस शेडच्या पेटीत असा रंग नव्हता.

ती आत धावली. पेटी अंगणातच घेऊन आली. तपकिरीत थोडा विटकरी मिसळला, हाताच्या पाठीवर घोटला, शालनच्या हनुवटीजवळ नेऊन पाहिला. पुसला. पुन्हा घोटला. कोकमी रंगाचं एक बोट जास्त झालं, तेही पुसलं. चेहऱ्यासाठी सोनेरी झाकेचा गडद बेस निवडला आणि आधी जबड्याच्या कडेला लावून उन्हात बघितला. तो कुठं लावलाय, हे तिला स्वतःलाच सापडेना.

या सगळ्यात तिनं एकदाही कोर्सचं नाव काढलं नाही.

आरसा हातात घेऊन शालननं मान इकडून तिकडे वळवून पाहिली. मग हळूच म्हणाली, "मीच आहे की..."

आणि तिनं डोळ्यांत आलेलं पाणी, रंगाला धक्का न लावता, बोटाच्या टोकानं टिपलं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. होणारा नवरा, श्रीपती, तिला घ्यायला आला होता. शालनला बघून तो जागीच थबकला.

"अगं, मेकअप करायचा राहिला वाटतं? पण राहू दे. आहेस तशीच छान दिसतेस. फार छान."

शालननं ऊर्जिताकडे पाहून डोळा मारला. पदर सावरून ती स्कूटरवर बसली आणि दोघं वळणापलीकडे दिसेनासे झाले.

ऊर्जिता पायरीवर मटकन बसली. हातांवर सगळीकडे विटकरी-कोकमी पट्टे.

"ऐकलंत, आपा? म्हणे मेकअप राहिला! दोन तास खपले मी. माझं काम कुणाला दिसलंसुद्धा नाही..."

जैतूनआपांनी तिचे रंगलेले हात आपल्या ओढणीनं पुसायला घेतले. त्यांचा चेहरा नुसता आनंदानं फुलला होता.

"दिसलं असतं, तर परत पुसायला लावलं असतं."